शिवाराचा कंटूर नकाशा: सपाट दिसणाऱ्या रानातला चढउतार मोजायचा कसा आणि वाचायचा कसा

परभणी, जालना, लातूरकडचं काळं रान धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर ताटासारखं सपाट दिसतं. पण मोठा पाऊस झाला की त्याच वावराच्या एका कोपऱ्यात दोन दिवस पाणी उभं राहतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातली माती धुरा फोडून ओढ्याला जाते. १ टक्का उतार म्हणजे १०० मीटरला १ मीटर. २०० मीटर लांबीच्या वावरात हाच उतार पुरुषभर होतो, तरी डोळ्याला तो कळत नाही. पाण्याला मात्र लगेच कळतो. बांध कुठं घालायचा, चर कोणत्या रेषेत खोदायचा, शेततळं कुठं भरेल, याची उत्तरं त्या पुरुषभर फरकात असतात. अंदाजानं केलेलं काम इथंच फसतं.

आधी टेबलावरचं काम

सुरुवात सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटपासून, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या छापील नकाशापासून करावी. १:५०,००० प्रमाणाचे ओपन सीरिज नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. या प्रमाणात कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. जुन्या पद्धतीत आपलं शीट शोधणं सोपं आहे. ४ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनाला क्रमांक, त्याच्या १६ भागांना ए ते पी अक्षरं आणि प्रत्येक भागाचे पुन्हा १ ते १६ तुकडे, प्रत्येक तुकडा १५ मिनिटांचा. अक्षरं आणि आकडे दोन्ही वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली जातात, आडवे जात नाहीत. लातूर शहर ५६ बी/११ मध्ये येतं. नव्या मालिकेत बीड-लातूर भागातल्या शीटचे क्रमांक ई४३ ने सुरू होतात, त्यामुळं जुना आणि नवा क्रमांक जुळत नाही म्हणून गोंधळू नये.

तपकिरी रेषा म्हणजे कंटूर, एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा. या प्रमाणाच्या शीटवर दोन रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. समासात छापलेला आकडा तरी एकदा पाहून घ्यावा. दोन रेषांमध्ये ४ मिलिमीटर अंतर असेल तर जमिनीवर ते २०० मीटर, त्यात २० मीटर उतार, म्हणजे १० टक्के. हा डोंगराचा अंगच. तेच अंतर २ सेंटीमीटर असेल तर उतार फक्त २ टक्के, हे पिकाचं रान.

आता दोन पेन्सिली घ्या. निळ्या पेन्सिलीनं गावाचे सगळे ओढे-ओघळ गिरवा. शीटवर कोरडे नाले काळ्या रेषेत छापलेले असतात आणि पाण्याचे निळ्यात. आपल्याकडचे बहुतेक ओढे काळ्यातच सापडतील. कंटूर ओढ्याला ओलांडते तिथं तिचा व्ही आकार होतो आणि त्याचं टोक उगमाकडं असतं. सोंडेवर, म्हणजे दोन ओढ्यांच्या मध्ये पुढं आलेल्या उंचवट्यावर, हेच उलटं होतं, वळसा उताराच्या दिशेला फुगलेला दिसतो. ही एक खूण पक्की बसली की ओढा न छापलेल्या जागीही लवण, म्हणजे पाणी गोळा होणारा खोलगट भाग, कुठं आहे ते नकाशावर ओळखता येतं. नंतर लाल पेन्सिलीनं दोन ओढ्यांच्या मधला माथा जोडत जा. ही लाल रेषा म्हणजे पाणलोटाची हद्द. ती कोणत्याही ओढ्याला मध्येच ओलांडत नाही. ओलांडली तर रेषा चुकली, खोडून पुन्हा काढावी.

या शीटची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. गोदाकाठच्या एखाद्या गावाच्या अख्ख्या शिवारातून एक किंवा दोनच कंटूर जातात. पाणलोट कळण्यापुरतं ते पुरतं, बांध आखायला पुरत नाही.

उपग्रहाच्या उंचीच्या माहितीचंही तसंच आहे. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर मिळणारा कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीनकाशा किंवा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून घेतलेली एसआरटीएमची माहिती क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकली की क्षणात कंटूर निघतात. पण त्यातला एकेक चौकोन ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठ्यांचा. त्या ९ गुंठ्यांना मिळून एकच उंची. शिवाय तिच्यात काही मीटरची चूक असू शकते आणि झाडांच्या शेंड्यांची उंचीही मिसळलेली असते. सॉफ्टवेअरला अर्ध्या मीटरचे कंटूर मागितले तर ते देतं, सुबक देतं, पण ते खरे नसतात. डोंगररांगा, मोठे नाले, अख्ख्या तालुक्याचा उतार पाहायला ही माहिती उत्तम. एका गटाच्या कामाला ती वापरू नये.

तिसरा कागद गावनकाशा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबरासह तो दिसतो. त्याची प्रत काढून तिच्यावरच उंचीचे आकडे लिहायचे. एक गोष्ट स्पष्ट असू द्या: हा नकाशा चढउताराचा आहे, हद्दीचा नाही. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागते, आपला कागद तिथं चालत नाही.

कोणतं साधन घ्यायचं

मोबाइलमधला जीपीएस जागा दाखवायला चांगला, उघड्या रानात ३ ते ५ मीटरच्या आत जागा सापडते. उंचीसाठी त्याच्यावर विसंबू नका. उंचीची चूक जागेच्या चुकीपेक्षा मोठी असते. त्यात उपग्रह जी उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात या दोन्हींत साधारण ६० ते ८० मीटरचा फरक पडतो. काही ॲप हा फरक दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. म्हणून एकाच पारावर उभ्या असलेल्या दोघांच्या मोबाइलवर दोन वेगळ्या उंची दिसतात.

चार-पाच एकरांपर्यंत गवंड्याची पाण्याची नळी पुरते. १५ ते २० मीटर लांबीची पारदर्शक नळी, दोन सरळ काठ्या आणि त्यांवर सेंटीमीटरच्या खुणा. नळी बादलीतून ओढ लावून भरायची, नळाला लावून भरली की हवेचे बुडबुडे अडकतात. एक बुडबुडा राहिला तरी दोन टोकांची पातळी जुळत नाही आणि दिवसभराचं मोजमाप वाया जातं. कामाला लागण्याआधी दोन्ही काठ्या एकाच दगडावर शेजारी उभ्या करा. पाणी दोन्हींवर एकाच खुणेला आलं पाहिजे. नंतर काठ्या दोन जागी न्या, पाणी थांबू द्या आणि दोघांनी एकदमच वाचा. ज्या काठीवर पाणी वरच्या खुणेला, तिथली जमीन खाली. एकीवर ११२ आणि दुसरीवर ८७ आलं तर पहिली जागा २५ सेंटीमीटर खोल.

पाच एकरांच्या वर गेलं की ऑटो लेव्हल (तिपाईवरचं, आडव्या पातळीत पाहायचं दुर्बिणीचं यंत्र) आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) भाड्यानं घ्यावा. बांधकामाची साधनं भाड्यानं देणाऱ्यांकडं तो मिळतो. घेतल्या घेतल्या एक तपासणी करा, कारण भाड्याच्या यंत्रानं बरेच धक्के खाल्लेले असतात. ६० मीटर अंतरावर दोन पक्क्या खुणा करा. यंत्र बरोबर मध्ये लावून दोन्हींवरचं रिडिंग घ्या; दोन्ही अंतरं सारखी असल्यानं यंत्र वाकडं असलं तरी हा फरक खरा येतो. मग यंत्र एका खुणेजवळ तीन-चार मीटरवर लावून पुन्हा दोन्ही रिडिंग घ्या. फरक तेवढाच आला तर यंत्र ठीक. ५ मिलिमीटरहून जास्त बदलला तर यंत्र परत करा.

तिसरं साधन ए आकाराची चौकट. ती नकाशासाठी नाही, नकाशावरची रेषा जमिनीवर आखण्यासाठी आहे. पाय २ मीटर अंतरावर, मध्ये आडवी पट्टी, शेंड्याला दोरीनं लोंबता दगड. चौकट बनवताना पाय अचूक सारखे कापायची काळजी नको. दोन पाय दोन खुणांवर ठेवून दोरी आडव्या पट्टीला कुठं टेकते ते लिहा, पाय अदलाबदल करून पुन्हा लिहा, दोन्हींच्या मधोमध खूण करा. दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत.

बेंचमार्क काळ्या मातीत ठोकू नका

सगळी मोजणी एका पक्क्या खुणेपासून सुरू होते, तिलाच बेंचमार्क म्हणतात. तिला उंची १००.००० मीटर धरायची, समुद्रसपाटीची खरी उंची आपल्या कामाला लागत नाही. ही खूण पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या दगडी जोत्यावर किंवा उघड्या कातळावर असावी. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यात ठोकलेली खुंटी पावसाळ्यात वर येते, वैशाखात खाली बसते, कलते. मे महिन्यात काढलेला नकाशा नोव्हेंबरमध्ये त्याच खुंटीवरून तपासला तर उंची जुळणार नाहीत, आणि दोष यंत्राला दिला जाईल.

रिडिंग आणि हिशोब

यंत्र लावून बेंचमार्कवरचं रिडिंग घ्यायचं, याला बॅकसाइट म्हणतात. समजा ते १.४२५ आलं. यंत्राच्या नजरेची उंची झाली १०१.४२५. आता कोणत्याही जागेवर स्टाफ उभा करा आणि रिडिंग यातून वजा करा. धुऱ्याच्या कोपऱ्यावर १.८८० आलं, उंची ९९.५४५. लवणाच्या कडेला २.३१०, उंची ९९.११५. यंत्र हलवायचं असेल तेव्हा एका पक्क्या दगडावर शेवटचं रिडिंग घ्या, ते फोरसाइट. २.८६५ आलं तर दगडाची उंची ९८.५६०. यंत्र पुढं नेऊन त्याच दगडावर नवं बॅकसाइट ०.९४० आलं, तर नजरेची नवी उंची ९९.५००. ओढ्याच्या तळाला शेवटचं ३.२१० आलं, तळ ९६.२९०.

पानाच्या तळाशी पडताळा करा. बॅकसाइटची बेरीज २.३६५, फोरसाइटची ६.०७५, वजाबाकी उणे ३.७१०. शेवटची उंची उणे पहिली उंची, तीही उणे ३.७१०. हे जुळलं म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. रिडिंगच चुकीचं वाचलं असेल तर ते या पडताळ्यात सापडत नाही. त्यासाठी शेवटी फिरून पुन्हा बेंचमार्कवर यायचं. १ किलोमीटरच्या फेरीत २४ मिलिमीटरपर्यंतची तफावत साध्या कामाला चालते. अंतर वाढलं की २४ ला किलोमीटरच्या वर्गमुळानं गुणायचं, म्हणजे दीड किलोमीटरला २९. तफावत याहून जास्त आली तर ती वाटून टाकू नका, फेरी पुन्हा करा.

रानात चुका होतात त्या अशा. स्टाफ भेगेच्या तोंडावर टेकला की चार-पाच सेंटीमीटर आत जातो. खाली चपटा दगड ठेवावा आणि तो सगळीकडं एकाच जाडीचा असावा. नांगरटीच्या रानात ढेकळावर एक रिडिंग आणि नांगराच्या तासात दुसरं घेतलं की अर्ध्या फुटाचा फरक पडतो, म्हणून एक पद्धत ठरवून शेवटपर्यंत तीच ठेवा. एप्रिल-मे महिन्यात दहा-अकरानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि स्टाफवरचे आकडे नाचतात. सकाळी लवकर काम करावं, नजर जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या वर ठेवावी आणि ५०-६० मीटरपलीकडचं रिडिंग घेऊ नये. बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरं शक्यतो सारखी ठेवली की यंत्राची उरलेली चूक आपोआप कटते.

बिंदू कुठं घ्यायचे हे सगळ्यात महत्त्वाचं. ३० मीटरच्या जाळीनं १० एकरांत ४५ बिंदू होतात. पण नुसत्या जाळीवर राहू नका. उतार जिथं बदलतो तिथं जास्तीचा बिंदू हवाच. ओढ्याचा काठ आणि तळ, पायरीचा माथा आणि पायथा, विहिरीचा कठडा. जुन्या धुऱ्याला तीन बिंदू लागतात. वरच्या अंगाला वर्षानुवर्षं गाळ साचून जमीन चढलेली असते आणि खालच्या अंगाला खोल. कित्येक धुऱ्यांच्या दोन्ही बाजूंत हातभर फरक निघतो. फक्त धुऱ्याच्या डोक्यावर स्टाफ ठेवला तर नकाशात तिथं एक खोटी सोंड उभी राहते.

रेषा काढणं

काळ्या सपाट रानाला अर्ध्या मीटरचे कंटूर, माळाला एक मीटरचे आणि डोंगराच्या अंगाला दोन मीटरचे पुरतात. दोन बिंदूंमध्ये उतार सारखा आहे असं धरून मधली जागा काढायची. एक बिंदू ९९.२०, दुसरा ९७.६०, अंतर ४० मीटर. उतार १.६० मीटर. ९९ ची रेषा पहिल्यापासून ५ मीटरवर, ९८ ची ३० मीटरवर. अशा खुणा करून हलक्या हातानं जोडा. दोन कंटूर एकमेकांना कापत नाहीत, एकीच्या दोन होत नाहीत, आणि रानाच्या मध्येच कुठं संपत नाहीत. एखाद्या जागी छोटंसं बंद वर्तुळ आलं तर आधी त्या बिंदूचं रिडिंग तपासा. खरोखर खळगा किंवा टेकाड असेल तर ठीक, नसेल तर वहीत १ चा ७ वाचला गेला आहे.

नकाशात काय दिसतं आणि ते तसं का

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थर जवळपास आडवे, पण सगळे सारखे नाहीत. काही घट्ट, एकसंध. काहींत वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत पांढरी खनिजं भरली. हा ठिपक्यांचा खडक लवकर कुजतो आणि मुरूम होतो. घट्ट थर टिकतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांचे असतात: सपाट माथा, उभा कडा, मग तिरपा अंग, पुन्हा सपाटी. कंटूर नकाशात रेषा एकदम दाटतात, मग विरळ होतात, पुन्हा दाटतात. दाट पट्टा घट्ट खडकाचा, विरळ पट्टा कुजक्या खडकाचा.

पाणी शोधायला हाच धागा कामाला येतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी रंगाचा मातकट थर सापडतो, त्याला रेड बोल म्हणतात. वरच्या सच्छिद्र खडकातून झिरपलेलं पाणी तो थर किंवा खालचा घट्ट खडक अडवतो आणि ते आडवं सरकत पायरीच्या पायथ्याला पाझरतं. आता असं करा. शिवारातल्या सगळ्या विहिरींच्या कठड्यांची उंची लेव्हलनं काढा. मग टेपला वजन बांधून कठड्यापासून तांबड्या थरापर्यंतचं अंतर मोजा. कठडा ९८.४० आणि थर ७.१० मीटरवर, म्हणजे थराची उंची ९१.३०. दुसऱ्या विहिरीचा कठडा ९५.९० आणि थर ४.७० वर, उंची ९१.२०. एका विहिरीत सात मीटरवर आणि दुसरीत पाच मीटरच्या आत दिसलेला थर एकच आहे, हे उंची काढल्याशिवाय कळत नाही. मग नकाशावर ९१ ची रेषा पाहा. ती जिथं ओढ्याच्या काठाला येते तिथं दिवाळीनंतरही ओल राहते का, ते जाऊन बघा. नाला खोल करतानाही हा आकडा लागतो. पाणी धरून ठेवणारा थर फोडून तळ खाली नेला तर पाणी थांबण्याऐवजी खाली निसटू शकतं.

पाणलोटाचा माथा किती निर्णायक असतो ते बालाघाटावर दिसतं. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पठारावर आलं की एका अंगाला पडलेलं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जातं. पठारावरच पाटोदा तालुक्यात उगम पावलेली मांजरा पूर्वेकडं निघते आणि लातूर जिल्ह्यातून फिरून पार तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. दोन्ही पाणी शेवटी एकाच नदीत, पण मधली शेकडो किलोमीटरची गावं वेगळी. गावच्या पातळीवरही हेच घडतं. माथ्याची रेषा पन्नास मीटर चुकली तर चरांचं पाणी शेजारच्या गावच्या तलावात जातं.

देगलूर, मुखेड, बिलोलीकडं मात्र पायऱ्या शोधू नका. नांदेडच्या त्या पट्ट्यात बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. तिथं गोल गुळगुळीत शिळा एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात, कंटूर गोलसर येतात आणि पाणी थरात नाही, भेगांत आणि वरच्या कुजलेल्या पट्ट्यात असतं. दोन विहिरी जुळवायची वरची युक्ती तिथं लागू पडत नाही.

गोदाकाठी आणखी वेगळं. तिथं नदीनं आणलेल्या गाळाचे उंच काठ आहेत आणि त्यांत पावसाच्या पाण्यानं घळी कोरलेल्या आहेत. घळीचं तोंड दर पावसाळ्यात वर वावरात सरकतं. नकाशात तिच्या वरच्या टोकाची तारीख लिहून खूण करा. नुसत्या घळीत दगड टाकून ती थांबत नाही, तिच्या डोक्यावर येणारं पाणी वळवावं लागतं, आणि ते कुठून येतं हे कंटूरच सांगतात.

एक टेकाड मात्र खडकाचं नसतं. गावाजवळ पांढरट मातीचा उंचवटा दिसला, त्यात खापराचे तुकडे निघाले, तर ती पांढरी आहे, जुन्या वस्तीची जागा. काळी शेताची आणि पांढरी वस्तीची, हा भेद आपल्या भाषेनं जपून ठेवला आहे. नकाशावर तिची वेगळी खूण करा आणि मुरूम किंवा माती म्हणून तिथून उचलू देऊ नका.

लवणाच्या तळाला कंटूर अगदी विरळ असतील, वर कालव्याचं पाणी येत असेल आणि जमिनीवर पांढरी खपली धरत असेल, तर तिथली जमीन क्षारपड होतेय. तिथं पाणी अडवायचं काम घेऊ नये, निचऱ्याचा चर आखावा. आखताना १०० मीटरला किमान १० ते २० सेंटीमीटर सलग उतार सापडतो का, ते आपल्याच नकाशावरून आधी काढावं.

नकाशाच्या कोपऱ्यात बेंचमार्कची जागा, तिची धरलेली उंची, उत्तर दिशा, प्रमाण, तारीख आणि रान नांगरलेलं होतं की नव्हतं हे लिहा. मग पहिल्या जोरदार पावसात त्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून रानात जा. पाणी प्रत्यक्ष ज्या वाटेनं चाललंय ती निळ्या पेन्सिलीनं काढा. जिथं ही निळी वाट कंटूरला काटकोनात न जाता तिरपी चालली असेल तिथं नांगराचं तास, पाणंद किंवा एखादा फुटलेला धुरा पाणी ओढतोय, नाहीतर आपला एखादा बिंदू राहिला आहे. वाफसा आला की तेवढ्याच जागी पुन्हा स्टाफ लावा.